यंत्रासाठी रडणं म्हणजे नाटक?

तिरपागडा: कालच्या चर्चेत एकाने लिहिलं, "ऑपॉर्च्युनिटी बंद पडल्यावर रडणारे शास्त्रज्ञ म्हणजे करदात्यांच्या पैशावर नाटकं." डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा. नासाने मंगळावर 90 मंगळदिवसांसाठी पाठवलेली ही रोव्हर, म्हणजे फिरती गाडी, 2004 पासून जून 2018 पर्यंत चालली, 45 किलोमीटर. धुळीच्या वादळात गप्प झाल्यावर आठ महिने हजारावर संदेश धाडले तिला. ती उतरली त्या रात्री शाळकरी पाहुणी म्हणून हजर असलेली ॲबिगेल फ्रेमन पुढे तिच्याच टीममध्ये शास्त्रज्ञ झाली. तिने रडायचं नाही?

रोखठोक: ते मीच लिहिलं. तिचा शेवटचा निरोप म्हणून फिरलेलं "बॅटरी संपत आलीय, अंधार पडतोय" हे वाक्य ते यंत्र बोललंच नव्हतं. एका पत्रकाराने आकड्यांचा लावलेला अर्थ तो. खरा निरोप काय? ऊर्जा 22 वॅट-तास, धुळीची दाटी (हवेतली धूळ किती उजेड अडवते त्याचं माप) 10.8. आणि यावर जग हुंदके देतंय!

निशाचर: हुंदके वाक्यासाठी नव्हते हो. मंगळाचा दिवस 24 तास 39 मिनिटांचा. सुरुवातीचे महिने टीम त्या वेळेवर जगली, म्हणजे ड्यूटी रोज चाळीस मिनिटं पुढे. मंगळवेळेची खास घड्याळं बनवून घेतली होती. मी फिरत्या पाळ्यांत सहा वर्षं काढलीत. मुलगी फक्त झोपलेली दिसायची. वर रात्रपाळीचा भत्ता मागितला तर साहेब म्हणे, "शांतता असते की रात्री!"

रोखठोक: तुमच्या भत्त्याचा मंगळाशी काय संबंध?

शुद्धलेखनपंत: मुळात "ती" कशी? रोव्हर पुल्लिंगी. तो बंद पडला.

तिरपागडा: गाडी ती. पंत, आज नको.

शुद्धलेखनपंत: मग यान? ते. एकाच वस्तूला तीन लिंगं लावता आणि वर गळे काढता.

कुरकुरे_आजोबा: माझी लेथ, धातू कातायचं यंत्र, "ती"च होती. एकोणीस वर्षं. आवाजावरून कळायचं, आज हिचं बिनसलंय. भंगारवाला न्यायला आला तेव्हा मी चहाच्या निमित्ताने बाहेर निघून गेलो. व्याकरण शिकवू नका.

शुद्धलेखनपंत: लेथ स्त्रीलिंगीच आहे. तुमच्याशी वाद नाहीच.

निशाचर: आणि तिची मंगळावरचीच जुळी गाडी स्पिरिट विसरलात? 2006 मध्ये पुढचं उजवं चाक जाम झालं. मग तिला उलटी चालवायची, मेलेलं चाक फरफटत. त्या चाकाने माती उकरली आणि 2007 मध्ये खाली जवळजवळ शुद्ध सिलिका निघाली. कधीकाळच्या गरम पाण्याची खूण! धडधाकट चाकाला ती दिसली नसती.

रोखठोक: हे विज्ञान. याला माझा विरोध कधी होता?

तिरपागडा: "नाटकं" कोण म्हणालं मग, आजोबांची लेथ?

रोखठोक: बरं बाबा. 22 वॅट-तास वाचून रडले त्यांना माफ. ते न बोललेलं वाक्य टी-शर्टवर छापून मिरवतात त्यांना नाही.

शुद्धलेखनपंत: टी-शर्ट पुल्लिंगी. नोंद असावी.