ट्रेमेमधला क्लेबोर्नचा पूल पाडायला हवा की नको?

दर्यावर्दी:
अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला जाणारी आपली बहुतेक मंडळी फ्रेंच क्वार्टर हा जुना भाग बघतात, बोर्बन स्ट्रीटवर एक चक्कर मारतात आणि परत फिरतात. रॅम्पार्ट स्ट्रीट ओलांडला की पलीकडे ट्रेमे सुरू होतं, तिकडे फारसं कोणी जात नाही. अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये तिचं नाव घेतात. १८१० मध्ये शहराने क्लोद ट्रेमेकडून ही जमीन घेतली, प्लॉट पाडून विकली आणि विकत घेणाऱ्यांत स्वतंत्र कृष्णवर्णीय बरेच होते, गवंडी, सुतार, शिंपी, चांभार, वादक. गुलामगिरी संपायला अजून अर्धं शतक बाकी होतं आणि इथे ही माणसं स्वतःच्या नावावरच्या घरात राहत होती, विचार करा.

या वस्तीचा मुख्य रस्ता म्हणजे क्लेबोर्न ॲव्हेन्यू. मधल्या रुंद हिरवळीवर ओकच्या चार रांगा, मार्डी ग्राच्या, म्हणजे तिथल्या कार्निव्हलच्या दिवशी घरोघरची लोकं डबे घेऊन त्या सावलीत बसायची, आणि दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीयांची स्वतःची दुकानं, विमा कंपन्या, अंत्यविधीची व्यवस्था बघणारे व्यावसायिक. १९६६ मध्ये ते सगळे ओक तोडले आणि तिथे इंटरस्टेट १० या महामार्गाचा उंच पूल बांधला. त्याच काळात फ्रेंच क्वार्टरच्या नदीकाठानेही एक एक्स्प्रेसवे होणार होता, पण त्याला जोरदार विरोध झाला आणि तो १९६९ मध्ये रद्द झाला. तिकडच्या लोकांचं ऐकणारं कोणीतरी होतं, ट्रेमेचं ऐकायला कोणी नव्हतं, एवढाच फरक.

माझं मत सरळ आहे. हा पूल पाडा आणि झाडं परत लावा. ही चूक पन्नास वर्षांहून जास्त जुनी आहे म्हणून ती तशीच ठेवायची हे मला पटत नाही.

मंजिरी_के:
दर्यावर्दी, इतिहास बरोबर लिहिलायत पण निष्कर्षाशी मी अजिबात सहमत नाही. मी याच शहरात राहते आणि पुलाखालून माझं रोजचं जाणंयेणं आहे. तुम्ही एकदा रविवारी दुपारी सेकंड लाइन बघायला या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ब्रास बँड आणि आयोजक क्लबची माणसं पुढे आणि त्यांच्यामागे नाचत चालणारा सगळा मोहल्ला, ती मागची रांग म्हणजे सेकंड लाइन. तर ही मिरवणूक पुलाखाली आली की मुद्दाम थांबते. वर काँक्रीट असल्यामुळे ट्यूबा आणि ट्रॉम्बोनचा आवाज असा घुमतो की छातीत धडधडतं, वादक तिथे जीव ओतून वाजवतात, पोरं खांबांना धरून नाचतात. त्याच खांबांवर चित्रकारांनी तोडलेले ओक रंगवलेत, इथल्या संगीतकारांचे आणि पुढाऱ्यांचे चेहरे रंगवलेत. मार्डी ग्राला आजही सगळे तिथेच जमतात, शेगड्या पेटतात, ब्लॅक मास्किंग इंडियन, म्हणजे मूळ अमेरिकन लोकांसारखे मण्यापिसांचे पोशाख घालणारी कृष्णवर्णीय मंडळी, तिथूनच जातात. ज्यांच्यावर तो पूल लादला त्यांनीच त्याच्या खालची जागा आपली करून घेतली आहे.

आता पूल पाडला तर काय होईल? फ्रेंच क्वार्टरपासून चालत जाण्याच्या अंतरावर अचानक झाडांचा सुंदर रस्ता. घरांचे भाव कुठच्या कुठे जातील. इथली कितीतरी माणसं भाड्याने राहतात, त्यांना त्या ओकखाली बसायला मिळणार नाही, ती तेव्हा लांबच्या उपनगरात असतील.

रस्तेवाला:
मी वाहतूक नियोजनात काम करतो म्हणून थोडं त्या बाजूने. मंजिरीताई, घुमणारा आवाज रविवारचा, पण बाकीचे सहा दिवस तिथे ट्रकचा धूर आणि गोंगाटच असतो ना? दमा असलेलं मूल पुलाला लागून असलेल्या घरात वाढतंय त्याला तुम्ही काय सांगणार? आणि पूल आता म्हातारा झालाय, तो ठेवायचा तरी त्याच्या दुरुस्तीवर पैसा ओतावाच लागणार. म्हणजे काहीच न करणं हा पर्याय फुकट नाहीये. २०२१ मध्ये व्हाइट हाऊसने महामार्गांनी तोडलेल्या वस्त्यांचं उदाहरण देताना याच क्लेबोर्नचं नाव घेतलं होतं. इतकी चांगली संधी पुन्हा येईल का?

मंजिरी_के:
नाव घेतलं, बरोबर. मग २०२३ मध्ये हातात काय पडलं? राज्य आणि शहराने ४ कोटी ७० लाख डॉलर मागितले होते, मिळाले ५ लाख, तेही नियोजनासाठी. धुराचा मुद्दा मला मान्य आहे, माझ्या मैत्रिणीचा मुलगा तसाच आहे. पण त्याचं घरच गेलं तर स्वच्छ हवा दुसऱ्याच कोणाच्या मुलाला मिळणार.

अनिकेत७:
मला एक कळत नाही, वस्त्या बदलतातच ना? कोणी जुने जातात, कोणी नवे येतात, घरं दुरुस्त होतात, टुरिस्ट येतात, त्यातून वादकांनाच कामं मिळतात. २००५ च्या कतरिना वादळानंतर तर पडकी घरं विकत घेणारं कोणीतरी आलं हे चांगलंच झालं. संस्कृती टिकायची असेल तर टिकते, नाहीतर आपण कोण जबरदस्तीने टिकवणार?

निळीशाई:
अनिकेत, मला हे वाचून फार वाईट वाटलं म्हणून सविस्तर लिहिते. ट्रेमेमधली संस्कृती आपोआप टिकलेली नाही, प्रत्येक वेळी माणसांनी पैसा आणि जीव लावून टिकवली आहे. सेंट ऑगस्टीन चर्चचं उदाहरण घ्या. १८४२ मध्ये ते उघडायच्या आधी बाकांसाठी गोरे आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय यांच्यात चढाओढ लागली. कृष्णवर्णीयांनी आपल्या कुटुंबांसाठी गोऱ्यांपेक्षा जास्त बाकं विकत घेतली आणि शिवाय दोन्ही कडेची बाकं घेऊन ती गुलामांना बसायला दिली. स्वतः स्वतंत्र असताना, जे नव्हते त्यांच्या जागेचे पैसे यांनी भरले! आज त्या चर्चच्या आवारात अज्ञात गुलामाची समाधी आहे, जाड साखळीचा आडवा पडलेला क्रूस आणि त्याला लटकलेल्या बेड्या. कतरिनानंतर २००६ मध्ये हाच पॅरिश, म्हणजे या चर्चची धर्मशाखा, बंद करायचं ठरलं होतं, लोक चर्चच्या पाद्रीनिवासात ठाण मांडून बसले म्हणून तो वाचला. याच वस्तीतला होमर प्लेसी हा चांभार १८९२ मध्ये रेल्वेच्या गोऱ्यांसाठी राखलेल्या डब्यात बसून अटक झाला, आणि १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला, ज्याच्या आधारावर पुढे पन्नासेक वर्षं वंशभेद कायदेशीर राहिला.

आणि नवे लोक आले तर काय होतं तेही बघा. २००७ मध्ये एका वादकाच्या मृत्यूनंतर त्याच्या आठवणीत निघालेली मिरवणूक शेजारच्या कुणाच्या तक्रारीवरून पोलिसांनी अडवली, वाजवणाऱ्या दोघांना अटक केली. शोक करताना वाजवायचं ही तिथली पिढ्यानपिढ्यांची रीत, तिच्यासाठी परवानगी विचारतात! मंडळातल्या कुणी गेलं की वर्गणीतून अंत्यविधी करायचा, वाजतगाजत पोचवायचं, यासाठीच तर सेकंड लाइन काढणारे ते क्लब सुरू झाले. हे टुरिस्टांसाठी चाललेलं नाहीये.

दर्यावर्दी:
निळीशाई, +१. पण म्हणूनच तर म्हणतो की पूल पाडून त्यांची जागा त्यांना परत द्यायला हवी.

कोलांटी:
विकासाच्या नावाखाली त्यांचं काय काय गेलं तेही बघा ना. काँगो स्क्वेअर ट्रेमेमध्येच आहे. तिथे रविवारी गुलाम जमायचे, बाजार भरायचा, ढोल वाजायचे, 'बांबूला' नावाचा नाच व्हायचा. १८१७ च्या वटहुकुमाने अशा जमावाला रविवारी एकाच ठरलेल्या जागी परवानगी ठेवली आणि ती जागा हीच झाली. जॅझच्या मुळाशी असलेला ताल शोधत तिथपर्यंत जावं लागतं. त्याच्या शेजारी १९३० मध्ये म्युनिसिपल ऑडिटोरियम बांधलं. १९६० च्या दशकात सांस्कृतिक केंद्र करायचं म्हणून आजूबाजूचे कितीतरी ब्लॉक जमीनदोस्त केले, माणसं हलवली, जागा वर्षानुवर्षं पडून राहिली आणि शेवटी १९८० मध्ये तिथे लुई आर्मस्ट्राँगच्या नावाचा पार्क उघडला, भोवती कुंपण घालून. आता पूल पाडणारेही विकासच म्हणतायत. ट्रेमेचे लोक घाबरतात ते उगाच नाही.

तरी एक गोष्ट आशेची आहे. २०२१ मध्ये महापौरांनी सिटी हॉल त्या ऑडिटोरियममध्ये हलवायचं ठरवलं तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले आणि तो बेत सोडून द्यावा लागला. यावेळी त्यांचं ऐकलं गेलं.

रस्तेवाला:
बरं, मग जमीन सामुदायिक ट्रस्टकडे द्यायची अशी अट आधीच घातली तर? पुलाखालची जी सरकारी जागा मोकळी होईल ती बिल्डरला न विकता ट्रस्टच्या ताब्यात आणि त्यावर परवडणारी घरं. असं झालं तर मंजिरीताई, तुमचा विरोध राहील का?

मंजिरी_के:
घरं आधी बांधली, त्यात माणसं राहायला गेली आणि त्यानंतर पुलाला हात लावला तर माझा विरोध नाही. पण क्रम तोच हवा, कारण नियम कागदावर राहतात हे आम्ही पाहिलंय. शहराने २०१९ मध्ये पर्यटकांना घरं भाड्याने देण्यावर बंधनं घातली, निवासी भागात स्वतः तिथे राहणाऱ्यालाच परवाना, आणि २०२२ मध्ये फेडरल अपील कोर्टाने नेमकी तीच अट रद्द केली. माझ्या ओळखीचे एक ट्रम्पेटवाले काका आहेत, जन्म ट्रेमेमधला, आता दर रविवारी गाडी चालवत लांबून वाजवायला येतात आणि ते ज्या घरात वाढले त्याच्या दाराला आता पाहुण्यांसाठी आकड्यांचं कुलूप आहे. पूल कधी पाडायचा हे अशा माणसांना बोलावून, त्यांच्या सोयीच्या वेळी बैठक घेऊन ठरवा.

अनिकेत७:
भाडेकरूंचं जाऊ दे, पण ज्यांचं स्वतःचं घर आहे अशा जुन्या कृष्णवर्णीय कुटुंबांना भाव वाढले तर फायदाच ना? त्यांच्या पिढ्यांनी राखलेली मालमत्ता आहे, तिची किंमत वाढू नये असं आपण का म्हणायचं?

निळीशाई:
किंमत वाढली की मालमत्ता कर आणि विम्याचा हप्ताही वाढतो अनिकेत, आणि पेन्शनवर जगणाऱ्या आजीला तो भरायला घर विकावं लागू शकतं. तिने विकायचं ठरवलं तर जरूर विकावं, पण करापायी विकावं लागू नये. वयस्क मालकांचा कर गोठवायची तरतूद या अटींत घालाच, रस्तेवाला.