मदत हवी आहे: भारत-जर्मनी संयुक्त प्रकल्पाला निधी विज्ञानाचा मागावा की संस्कृतीचा?

नमस्कार मंडळी,

आमचा एक छोटा नोंदणीकृत न्यास आहे आणि आमच्याकडे मोडी कागदांचे काही रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. काजळीच्या शाईने लिहिलेले कागद अजून ठणठणीत आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या एका रुमालात मात्र लोहयुक्त शाईचे कागद निघाले आणि त्यांत अक्षरांच्या जागी भोकं पडत चालली आहेत. परवा एक पान उजेडासमोर धरलं तर 'श्री'च्या वेलांटीतून पलीकडची खिडकी दिसली. पोटात खड्डाच पडला.

या शाईतलं आम्ल आणि सुटं लोह मिळून कागदातला सेल्युलोज, म्हणजे त्याचे तंतू, तोडतात. सुटं लोह तपासायला बॅथोफेनँथ्रोलिन या रसायनाची पट्टी येते. ती ओलसर करून अक्षरावर अर्धा मिनिट दाबायची, गुलाबी झाली की धोका आहे हे कळतं. जर्मनीतल्या एका विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक बाई याच विषयावर काम करतात. त्यांना मोडी येत नाही, आम्हाला वर्णपट वाचता येत नाहीत. दोन्ही बाजूंनी एका टेबलाशी बसायचं ठरलंय. त्यांचे विद्यार्थी इथे येऊन मोडी शिकतील, आमचे दोघे तिकडे जाऊन जतनाचं तंत्र शिकतील.

अडलंय ते पैशांपाशी. गेल्या वर्षी दोन ठिकाणी अर्ज केले. विज्ञानवाल्यांनी 'हे वारसा-जतन आहे' म्हणून परत पाठवला, संस्कृतीवाल्यांनी 'प्रयोगशाळेचा खर्च आमच्या नियमांत बसत नाही' म्हणून. मला दोन्ही शेरे अन्यायाचे वाटतात. शाई कशाने कागद खाते हे कळल्याशिवाय कागद वाचवणार कसा?

आता पुढचं विचारते:

केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि जर्मनीची डाड (DAAD) ही संस्था मिळून जी देवाणघेवाण योजना चालवतात, तिच्यात प्रवास आणि मुक्कामाचा खर्च मिळतो, उपकरणांचा नाही. इथला अर्जदारही संशोधन संस्थेतला शास्त्रज्ञ लागतो. जर्मन परराष्ट्र खात्याचा वारसा-जतन कार्यक्रम १९८१पासून आहे, त्याचा अर्ज दूतावासामार्फत जातो. मग एकच प्रकल्प फोडून दोन अर्ज करावेत का? की तेच काम दोनदा विकतोय असं परीक्षकांना वाटेल?

आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा. त्याच्या नोंदणीसाठी न्यासाला तीन वर्षं झालेली हवीत आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. आमचा तेवढा झालेला नाही. नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेमार्फत पैसे घ्यावेत म्हटलं तर २०२०च्या दुरुस्तीनंतर तेही बंद झालं. कुणी यातून गेलंय का?

– बोरू

प्रतिसाद: कागदवेडा

बोरूताई, नोंदणी राहू दे, 'पूर्वपरवानगी' बघा. ती एका ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक कामासाठी, ठरावीक रकमेपुरती मिळते आणि तिला १५ लाखांची अट नाही. देणगीदाराचं रक्कम आणि हेतू स्पष्ट लिहिलेलं वचनपत्र लागतं, ते आधी मिळवा. परदेशी देणगीचं खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच लागतं, पण ते उघडायला दिल्लीला जावं लागत नाही, जवळच्या शाखेतून होतं. अंदाजपत्रकात प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवा. व्यवस्थापनाचे पगार नि कार्यालयाचं भाडं त्यातच मोजतात, इथेच पुष्कळ जण अडकतात.

अर्ज दोनच करा, पण विज्ञानाच्या अर्जात प्रश्न विज्ञानाचाच असू दे. 'आमचे कागद वाचवा' असं लिहिलंत की परत येणार. चिंध्यांपासून केलेल्या आपल्या हातकागदावर लोहशाई कशी वागते, युरोपीय कागदापेक्षा वेगळी का, असं मांडा. मोडी शिकवणं, जतन, प्रदर्शन हे दुसऱ्या अर्जात. आणि दोन्हीत एकमेकांचा उल्लेख उघड करा, खर्चाची एकही ओळ दोनदा येऊ देऊ नका.

बोरू

कागदवेडा, मनापासून आभार. हातकागदाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. त्याच रुमालात विलायती कागदावरची चार पत्रंही आहेत आणि शाई तीच दिसते, म्हणजे तुलना घरातच आहे! बाईंना आजच लिहिते, वचनपत्राचंही विचारते. जवळच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या सरांनी इकडचे अर्जदार व्हायची तयारी दाखवली होती, पण महाविद्यालयातले प्राध्यापक चालतात का, हे कुणाला अनुभवाने माहीत असेल तर जरूर सांगा.