यवतेश्वरचा घाट जोडीने
शर्यतीत जोडीने पळालं की दोघांचीही वेळ बिघडते, असं काही जण म्हणतात; सपाट रस्त्यापुरतं ते मला पटतं. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला मात्र अगदी उलटा अनुभव आला. 21.1 किलोमीटरपैकी पहिला टप्पा यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने वर, मग त्याच वाटेने खाली. गावातून निघताना लोकांच्या टाळ्यांच्या भरात पाय सुटतात आणि घाटात दम संपतो. मैत्रीण माझ्यापेक्षा हळू पळते. आमचं ठरलं होतं, चढावर एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटलं की वेग कमी करायचा. तिच्यामुळेच वर पोचले तेव्हा माझ्या पायांत जीव शिल्लक होता.

उताराबद्दलही सांगायला हवं, कारण खरी काळजी तिथेच घ्यावी लागते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच प्रत्येक पावलाला शरीर रोखून धरतात, म्हणून ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात. जोडीने उतरताना खेटून पळू नका, ओल्या रस्त्यावर एक घसरला की दुसराही जातो. आम्ही दोन हात अंतर ठेवून पळालो. एका वळणावर तिच्या बुटाची नाडी सुटली, गारठलेल्या बोटांनी गाठ बसेना. मी गुडघे टेकून दुहेरी गाठ मारली आणि निघालो. त्यात गेलेल्या अर्ध्या मिनिटाचं मला आजही काही वाटत नाही.