मदत हवी आहे: गुहागरला पुळणीवर घर, सॉइल रिपोर्टमधलं लिक्विफॅक्शन (भूकंपात ओली वाळू पातळ होणं) किती मनावर घ्यायचं?

नारळ-पोफळीची वाडी आहे, समुद्राकडच्या अंगाला. तिथे तळमजला अधिक एक असं आरसीसी घर बांधायचंय. मे महिन्यात बोअर मारून घेतलं. 2 मीटरवर पाणी, 9 मीटरपर्यंत करडी वाळू, खाली कातळ. वर आलेली वाळू मुठीत धरली की पाणी निथळून जायचं नि तळव्याला शिंपल्यांचा चुरा चिकटायचा. चिकणमाती नावालाही नाही. 4.5 मीटरवर एन व्हॅल्यू (नळी 30 सेंटीमीटर आत जायला लागलेले हातोड्याचे ठोके; कमी म्हणजे वाळू सैल) 8.

रिपोर्टात शेवटी एकच ओळ, 'लिक्विफॅक्शनची शक्यता मध्यम'. मध्यम म्हणजे काय करू? ठेकेदार म्हणतो, शेजारची चिऱ्याची घरं 1967 च्या कोयनेच्या भूकंपात हलली नाहीत, पाइलवर (पायाखाली खोल रोवायच्या खांबांवर) पैसे कशाला घालवता. पण ती घरं बैठी, कौलारू. आणि कोयना इथून साठेक किलोमीटर. पाइल खरंच लागतील का?

कातळशिल्पी: आधी रिपोर्टात भूकंपाचा झोन कुठला धरलाय ते बघा. आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत धक्क्याचा गुणांक झोन 3 ला 0.16, झोन 4 ला 0.24. इथेच दीडपट फरक पडतो.

दुसरं, पाणी. भूकंपात सैल ओली वाळू दाटायला बघते, पाण्याला निघायला वेळ मिळत नाही, त्याचा दाब चढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. 1964 ला जपानात निगाताला इमारती न मोडता कलंडल्या त्या अशाच. म्हणजे पाणी जितकं वर तितका धोका जास्त, आणि तुमचं बोअर मे मधलं! तुमच्या आकड्यांवर 0.16 आणि 6.5 रिश्टरचा भूकंप धरून ढोबळ हिशेब केला. पाणी 2 मीटरवर असेल तर सुरक्षा गुणांक (1 च्या खाली गेला की नापास) 1.1 च्या आसपास येतो. तेच अर्ध्या मीटरवर धरलं की 1 च्या किंचित खाली. 0.24 धरलं तर दोन्हीकडे नापास. कोयनेचा धक्का 11 डिसेंबरचा, ऐन श्रावणातला, पाणी वर असतानाचा नव्हे, हे ठेकेदाराला सांगा.

कन्सल्टंटकडून आयएस 1893 च्या 2016 च्या आवृत्तीतल्या परिशिष्टाप्रमाणे प्रत्येक 1.5 मीटरचा तक्ता मागा, पावसाळ्यातली पाण्याची पातळी धरून. वाळूच्या कणांचा आकार कळायला चाळणी चाचणीही हवी. नुसती राफ्ट (घराखाली सलग काँक्रीटचा पाया) घातलीत तर घर एकसंध राहील, पण कलायचं ते कलेल. 9 मीटरवर कातळ आहे, तर पाइल त्यात रोवता येतील, हे तुमचं नशीब.

वाडीवरचा: डोंगराकडे जांभ्यावर चार गुंठे असतील तर घर तिकडे बांधा की! पुळणीवर माड राहू देत.

धागाकर्ता: वर जागा आहे, पण भावाच्या नावावर. ते प्रकरण वेगळंच! विहिरीत आतल्या बाजूला पावसाळ्याच्या पाण्याची शेवाळी खूण आहे, मोजून आलो, जमिनीखाली जेमतेम दीड फूट. हा आकडा घालून कन्सल्टंटकडे तक्ता मागतोय. आला की इथेच टाकतो, बघाल का?