मदत हवी आहे: वरच्या वयोगटात गेल्यापासून आमचं पिचिंग कोलमडलंय (सॉफ्टबॉल)

वैतागलेला_कोच
नमस्कार मंडळी. या हंगामात आमच्या मुली वरच्या गटात गेल्या आणि सगळा विचका झालाय. गेल्या वर्षी क्वचितच हरलो होतो, यंदा तीनपैकी तीन सामने सपाटून हरलो. पिचरचा (बॉल टाकणारीचा) बॉल सरावात प्लेटच्या (बॅटरजवळच्या पाटीच्या) आधीच टप्पा घेतो आणि सामन्यात मागे झेलायला बसलेल्या कॅचरच्या डोक्यावरून जातो. सराव कमी केलेला नाही, उलट वाढवलाय. शनिवारी पुढचा सामना आहे. दोन-तीन दिवसांत फरक पडेल असं एखादं ड्रिल सांगा. 'हळूहळू जमेल' हे घरचे रोज सांगतात, इथे नको. आगाऊ धन्यवाद.

तिसरा_बेस
कुठल्या गटातून कुठल्या गटात? फास्टपिच (वेगाने टाकायचा) की स्लोपिच (हळू टाकायचा)? बॉल केवढा? अंतर किती होतं, किती झालं? नुसतं 'विचका झालाय' म्हटल्यावर ड्रिल कशाचं सांगायचं?

वैतागलेला_कोच
फास्टपिच, अर्थात. दहा वर्षांखालून बारा वर्षांखाली. बाकी सगळीकडे असतं तेच.

तिसरा_बेस
सगळीकडे एकच नसतं हो. संघटना बदलली की नियम बदलतात. बऱ्याच ठिकाणी दहाखाली ११ इंची बॉल आणि ३५ फूट, बाराखाली १२ इंची आणि ४० फूट, चौदाला ४३. दोन बेसमधलं अंतर मात्र ६० फूटच. तुमच्याकडे असंच आहे का?

वैतागलेला_कोच
हो, हेच. बॉलही बदललाय, लिहायचं राहिलं.

जुना_कॅचर
राहिलं म्हणे! अहो, निम्मं उत्तर तिथेच आहे. मुलीचा पंजा तेवढाच, बॉल मोठा आणि थोडा जडही, वर अंतर पाच फूट लांब. दोन बोटांच्या पकडीने टाकत असेल तर तीन किंवा चार बोटं लावू द्या. आणि लगेच ४३ फुटांवरून टाकायला लावा. आठवडाभर तिथून टाकलं की ४० फूट अंगणासारखं वाटतं. आम्ही असेच शिकलो.

डावखुरी
असहमत. लांबून टाकायला लावलं की मुलगी पुढे वाकते, बॉल ढकलायला लागते आणि हाताचा गोल मोडतो. ती सवय नंतर वर्षभर सुटत नाही. उलट करा. १५ फुटांवरून नुसतं मनगट, मग २५ वर पूर्ण गोल, आणि दहापैकी सात स्ट्राईक (बॅटरच्या टप्प्यात, प्लेटवरून गेलेले बॉल) पडले तरच दोन फूट मागे. नाही पडले तर तिथेच थांबायचं, कोचने कितीही डोळे वटारले तरी.

जुना_कॅचर
दोन-दोन फूट मागे सरकेपर्यंत हंगाम संपेल, ताई. त्यांना शनिवारी खेळायचंय.

डावखुरी
शनिवार दर आठवड्याला येतो, काका.

गुगली
सॉफ्टबॉल मला कळत नाही, पण क्रिकेटमध्ये यॉर्करसाठी आम्ही क्रीजवर बूट ठेवून त्यावर मारायचो. करून बघा. अवांतर: अंडरआर्म म्हटलं की मला १९८१ मधला ट्रेव्हर चॅपेलच आठवतो. (हलके घ्या.)

तिसरा_बेस
@गुगली, तो बॉल जमिनीवरून सरपटत गेला होता. इथे हात पूर्ण गोल फिरतो, बॉल कमरेजवळून सुटतो आणि समोरची बॅटर यॉर्करची वाट बघत नसते. बूट मात्र चालेल, प्लेटच्या कोपऱ्यावर ठेवायला.

पॅव्हेलियनमधली_आई
पिचिंगबद्दल सगळे बोलताहेत म्हणून दुसरं सांगते. माझी मुलगीही याच वर्षी बाराखाली गेली. तिच्या गटात आता सुटलेल्या तिसऱ्या स्ट्राईकचा नियम लागतो. एरवी तिसऱ्या स्ट्राईकला बॅटर आउट, पण कॅचरने तो झेलला नाही आणि पहिला बेस रिकामा असला, किंवा दोन आउट झालेले असले, तर बॅटरने पळायचं असतं. आमची मान खाली घालून डगआउटकडे निघाली! मी ओरडून ओरडून घसा बसवला, तिला वाटलं मी रागावलेय. तुमच्या मुलींना हे सांगितलंय ना?

वैतागलेला_कोच
ताई, धन्यवाद, पण माझा प्रश्न पिचिंगचा आहे. (नाही, सांगितलेलं नाही. उद्या सांगतो.)

तिसरा_बेस
स्कोअरबुक उघडा आणि दोन आकडे द्या. शेवटच्या सामन्यात वॉक (चार बॉल बाहेर पडले म्हणून बॅटरला फुकट दिलेला पहिला बेस) किती? कॅचरकडून सुटलेले किती?

वैतागलेला_कोच
११ वॉक. सुटलेले ६. शिवाय त्यांनी दुसरा बेस आठ वेळा चोरला (फटका नसताना पळून गाठला). १४-२ हरलो.

तिसरा_बेस
म्हणजे त्यांनी तुम्हाला मारून हरवलेलं नाही, तुम्ही त्यांना चालत घरी पाठवलंत. होम प्लेटपासून दुसऱ्या बेसपर्यंत जवळपास ८५ फूट पडतात. या वयात एवढ्या लांब सरळ थ्रो करणारी कॅचर मिळणं कठीण. वॉक दिला की दुसरा बेस फुकट, हे धरूनच चाला. बॅटिंग, चोरी हे सगळं बाजूला ठेवा, वॉक कमी करा.

डावखुरी
पिचर किती आहेत? हे अजून कुणी विचारलंच नाही.

वैतागलेला_कोच
एकच. दुसरी आहे, पण बॉल प्लेटवर जाणार नाही म्हणून घाबरते. पहिलीच रोज १५० टाकते, शनिवार-रविवार सामने वेगळे. परवा खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय म्हणाली, बर्फ लावला की बरं वाटतं तिला. तर ड्रिल कोणतं ठरवायचं, ४३ वालं की १५ वालं?

डावखुरी
कुठलंच नाही! आधी हे लिहायचं होतं. अंडरआर्म टाकल्याने हाताला काही होत नाही हा जुना गैरसमज आहे. पूर्ण गोलाच्या पिचिंगमध्ये दंडाच्या स्नायूवर बॉल सुटायच्या आसपास भरपूर ताण येतो, आणि दुखतं ते बरोब्बर तुम्ही सांगताय तिथेच. नवीन जड बॉल, वाढलेलं अंतर, वाढवलेला सराव, सगळं एकाच महिन्यात. तिचं पिचिंग आजपासून बंद आणि तिला डॉक्टरांना दाखवा. बर्फाने दुखणं दबतं, कारण तसंच राहतं.

जुना_कॅचर
मी रोज अडीचशे टाकणाऱ्या पिचरपुढे बसलोय, पण इथे डावखुरीशी सहमत. नोंद घ्या, ही पहिलीच वेळ. तो अडीचशेवाला पुढे डाव्या हाताने जेवायचा.

निवांत
धागा वाचतोय, छान चर्चा. जाता जाता: नवा ग्लोव्ह फार कडक आहे, लवकर मऊ करायला काय लावावं?

वैतागलेला_कोच
अहो, पण शनिवारी टाकणार कोण?

तिसरा_बेस
जी घाबरते, तीच. वेग विसरा, बॉल मधोमध जाऊ द्या आणि फिल्डर्सना सांगा की आज बॉल तुमच्याकडे येणार आहे. फटका बसला तर निदान कुणीतरी आउट होतं, वॉकवर कुणीच होत नाही. मार खाल, पण ११ वॉकपेक्षा बरं दिसेल.

जुना_कॅचर
एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. सरावात टप्पा आणि सामन्यात डोक्यावरून, असं का? सरावाच्या जागी अंतर कुणी मोजलं? मोजायचं ते पिचरच्या पट्टीच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत. पुढच्या कडेपर्यंत नाही.

वैतागलेला_कोच
खूण मीच केली आहे, बरोबर आहे.

जुना_कॅचर
टेप लावा.

वैतागलेला_कोच
(शुक्रवार) अपडेट. मुलीच्या आईशी बोललो. तिला तीन आठवड्यांपासून दुखत होतं, मला सांगायला घाबरत होती. हे ऐकून बराच वेळ मैदानावर नुसता बसून होतो. डॉक्टरांकडे सोमवारची वेळ मिळालीय, तोवर ती बॉलला हात लावणार नाही, स्कोअरबुक लिहिणार आहे. दुसरीला आज १५ पासून सुरू केलं. २५ फुटांवरून २० पैकी १४ स्ट्राईक. ४० वरून किती ते विचारू नका. सुटलेला तिसरा स्ट्राईकही शिकवला, आता तर झेललेल्या बॉलवरसुद्धा पळताहेत.

डावखुरी
पळू दे. थांबवणं सोपं असतं.

जुना_कॅचर
टेप?

वैतागलेला_कोच
लावला. ४१ फूट ५ इंच. प्लेटची पुढची कड धरली होती मी.

जुना_कॅचर
१७ इंच. प्लेटच्या लांबीएवढे बरोब्बर.

डावखुरी
सगळा दोष त्या १७ इंचांचा नाही हं, काका.

जुना_कॅचर
थोडा तरी घेऊ द्या.