एच-इंडेक्स बघून सर्जन निवडायचा?

टाकेवाला: कालच्या धाग्यावर 'आकडेमोड' लिहितात, पोटाचं मोठं ऑपरेशन असेल तर सर्जनचे पेपर (शोधनिबंध) नि सायटेशन (इतरांनी त्यांना दिलेले संदर्भ) बघा, एच-इंडेक्स ४० च्या वर असेल तर डोळे मिटून सही करा. तिथेच दोन ओळी लिहिणार होतो, पण डोकं इतकं फिरलं की वेगळा धागा काढतोय.

अहो, एच-इंडेक्स ४० म्हणजे ४० पेपर, प्रत्येकाला किमान ४० सायटेशन. हे माप २००५ मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढलं. आतड्याचा जोड किती जणांचा फुटला, ते त्यात कुठे दिसतं? एरिश म्यूहेंनी १९८५ मध्ये जर्मनीत दुर्बिणीतून पित्ताशय काढून दाखवलं. पुढच्या वर्षी तिथल्या सर्जनांसमोर मांडलं, तर कुणी धड ऐकूनही घेतलं नाही. त्यांचा एच-इंडेक्स बघून तुम्ही बाहेरच्या बाकावरूनच परत गेला असता.

आकडेमोड: 'डोळे मिटून' हे तुमचं. मी 'विचारात घ्या' लिहिलं होतं.

आणि म्यूहेंचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. जगापर्यंत पोचलं नाही, म्हणून श्रेय कित्येक वर्षं फ्रेंचांच्या खात्यावर राहिलं. याउलट ब्रिटिश सर्जन हील्ड. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये भोवतीचं चरबीचं आवरण अखंड काढा, हे त्यांनी १९८२ मध्ये छापलं, म्हणून आज सगळीकडे तसं काढतात. पूर्ण भूल देऊन पुन्हा हात घालावा लागला, तर त्या गुंतागुंतीला तुम्ही रोज 'थ्री-बी' म्हणता ना? ती क्लाव्हियन-डिंडो प्रतवारी २००४ च्या पेपरमधली, ६,३३६ रुग्णांवर पडताळलेली. ज्याला छापायचं असतं त्याला आपल्या चुका मोजाव्या लागतात. तुमच्या हातगुणाचा हिशोब कुठे असतो?

चौथी_लेखिका: आधी हे सांगा, तो एच-इंडेक्स नक्की कुणाचा?

रेसिडेंट असताना मी आठ महिने रेकॉर्ड रूमच्या धुळीत बसून केसपेपर उपसले. रुग्णांना फोन मी केले, तक्ते मी केले. पेपर आला तेव्हा लेखकांच्या यादीत सर शेवटी, म्हणजे प्रमुखाच्या मानाच्या जागी, सरांचे मित्र दुसरे, मी चौथी. पहिलं नाव ज्यांचं, त्यांनी परिषदेतून मलाच फोन केला, "तिसऱ्या तक्त्यात काय आहे गं?"

विभागप्रमुख_निवृत्त: ताई, विभाग कोण चालवतो? रुग्ण कुणाच्या नावावर येतात? एथिक्स कमिटीपुढे कोण बसतं? की हे सगळं फुकट?

चौथी_लेखिका: फुकट नाही सर, त्यासाठी पगार असतो. लेखक कुणाला म्हणायचं याचे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी केलेले व्हँकुव्हरचे नियम वाचा. नुसत्या देखरेखीला ऋणनिर्देश मिळतो, लेखकपद नाही. आणि मला ताई म्हणू नका.

विभागप्रमुख_निवृत्त: नियम आम्हाला शिकवू नका. आमच्या सरांनी माझी तीन वर्षांची केस सिरीज माझ्या नावाशिवाय छापली. मी कुठे बोंब मारली?

टाकेवाला: म्हणजे सासूने छळलं म्हणून सुनेला छळायचं. छान.

आकडेमोड: धागा सर्जन निवडण्याचा होता. पण नावं चिकटवण्याबद्दल बोलताय ते खोटं नाही, एवढं कबूल. संशोधनावरच संशोधन करणारे इओआनिडिस आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये वर्षाला ७२ हून जास्त पेपर काढणारे लेखक शोधले होते. म्हणजे पाच दिवसांना एक. त्यातला कुणी सर्जन असेल तर हात कधी धुतो, देव जाणे.

बाहेरचा_बाक: मी डॉक्टर नाही. वडिलांच्या स्वादुपिंडाचं ऑपरेशन होतं. पहिले सर्जन फार मोठे, पेपरांची यादी मीच वाचून दाखवली होती घरी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळलं, ते परिषदेला जाणार, करणार दुसरंच कुणीतरी. दुसऱ्या बाईंकडे गेलो. "वर्षाला किती करता, किती दगावतात?" असं विचारलं. त्यांनी खणातून एक वही काढली. तारीख, ऑपरेशन, गळती झाली की नाही, घरी कधी गेला. दोन मृत्यूंसमोर लाल पेनाने कारण लिहिलेलं. पेपर एकही नाही. वडील आज भांडतात माझ्याशी.

टाकेवाला: बघा!

आकडेमोड: बघतोय. एका वडिलांवरून नियम होत नाही. पण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला. बर्कमायर यांच्या २००२ च्या अमेरिकन अभ्यासात याच ऑपरेशनला सर्वांत कमी केसेसच्या रुग्णालयांत मृत्युदर १६.३ टक्के, सर्वांत जास्त केसेसच्या ठिकाणी ३.८. तर घ्या, सायटेशनच्या आधी संख्या विचारा. झालं समाधान? मात्र हेही मला एका पेपरमधूनच कळलं, कुणाच्या खणातून नाही. त्या बाईंनी वही छापायला हवी.

चौथी_लेखिका: टाइप कोण करणार? रेसिडेंटच ना?