वडिलांसाठी घरात रॅम्प आणि कमोड करायचाय, आर्थिक मदत कुठून मिळेल?

प्रश्न
साखरेमुळे आमच्या अण्णांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. घर गावातलं, जुनं. जोतं दीड फूट उंच, दाराला उंबरा, संडास परसात आणि तोही उकिडवं बसायचा. आई आणि मी दोन्हीकडून धरून नेतो. आम्हाला त्रास नको म्हणून अण्णा दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. ते बघवत नाही. गवंड्याने सगळ्याचे ऐंशी हजार सांगितलेत. ग्रामपंचायतीत विचारलं तर 'अशी योजनाच नाही' म्हणाले. खरंच नाही का?

उत्तर १
ताई, 'घर बदलण्याची योजना' म्हणून विचाराल तर नाहीच म्हणतील. '5 टक्के दिव्यांग निधी' असं नाव घेऊन विचारा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आधी 3 टक्के होते, 2018 पासून 5 झाले. वैयक्तिक लाभही त्यातून देता येतो. माझ्या भावाच्या वेळी मी लेखी अर्ज दिला, गवंड्याचं अंदाजपत्रक जोडलं आणि पोच घेतली. पोच सोडू नका, तोंडी बोलणं हवेत जातं.

पण सगळा खर्च त्यातून निघेल असं धरू नका. पंचायतीचं स्वउत्पन्न पाच लाख असेल तर निधी होतो पंचवीस हजार, आणि त्यात गावातले सगळे दिव्यांग. म्हणून जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागातही अर्ज टाका. या सगळ्याच्या आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढा, किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. व्हीलचेअर विकत घेऊ नका. केंद्राच्या एडिप योजनेत महिना 22,500 पर्यंत उत्पन्न असेल तर ती मोफत मिळते.

आणि काम होईपर्यंत आजच एक कमोड खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते. अण्णांचं पाणी तोडणं आधी थांबलं पाहिजे.

उत्तर २
मी बांधकामातला आहे. गवंड्याला उताराचं प्रमाण विचारा. एकास बारा हवं, म्हणजे दीड फूट चढायला अठरा फूट लांबी. अंगण लहान असेल तर भिंतीलगत वळवून घ्या, वळणावर पाच फूट सपाट जागा ठेवा. आमच्याकडे सहा फुटांत उरकलेले रॅम्प बघितलेत, त्यावरून खुर्ची मागे घसरते, माणूस पडतो. वर गुळगुळीत कोबा नको, खरखरीत फिनिश द्या. संडासाचं दार तीन फूट आणि बाहेर उघडणारं. आत उघडणारं असलं आणि माणूस आत पडला तर दार ढकलता येत नाही.

उत्तर ३
घरात कोणी आयकर भरत असेल आणि अण्णा त्यांच्यावर अवलंबून असतील तर 80डीडी खाली 75 हजारांची वजावट मिळते, दिव्यांगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. मात्र जुनी करप्रणाली निवडलेली हवी.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ पुण्यात नोकरीला आहे, त्याला 80डीडीचं कळवलं. कमोड खुर्ची संध्याकाळी येतेय. अंगण चौदाच फूट आहे, तेव्हा रॅम्प वळवूनच घ्यावा लागेल. उत्तर २ वाले दादा, वळणानंतरचा कठडा दोन्ही बाजूंनी लावायचा का?

उत्तर २
हो, दोन्ही बाजूंनी. उतरताना त्यांचा धरायचा हात बदलतो.